‘कोरलाईन’ नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

जय ख्रिस्त, ताई. तुम्ही लिहिलंय की तुमच्या मुलीने ‘कोरलाईन’ हा बाहुल्यांचा भीतिदायक सिनेमा पाहायचा हट्ट धरलाय, तिच्या मैत्रिणींनी तो पाहिलाय, आणि सासूबाई म्हणतात की असला सैतानी सिनेमा विश्वासणाऱ्यांच्या घरात लागताच कामा नये. तुम्ही सरळ उत्तर मागितलंय, तर आधी तेच देते. तिला दाखवा, पण दिवसाउजेडी, तुम्ही शेजारी बसून, आणि आधी स्वतः एकदा शेवटपर्यंत पाहून. धाकटा पाच वर्षांचा आहे म्हणालात, त्याला मुळीच नको.

मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते. सिनेमा काळोखा आहे, त्यात भुतं आहेत, म्हणून तो आपोआप टाकाऊ, असं मला वाटत नाही. आपण मुलांना गल्याथाचं मुंडकं उडवल्याची गोष्ट सांगतोच, हेरोदाने बेथलेहेमातली बाळं मारल्याचंही सांगतो. पवित्र शास्त्र वाईट गोष्टी झाकत नाही. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, धिक्कार आहे तो वाइटाला बरं आणि अंधाराला उजेड म्हणणाऱ्यांचा. म्हणून मी पहिल्यांदा हेच बघते की सिनेमा वाइटाला वाईट म्हणतो का, आणि मूल बाहेर पडताना कोणाच्या बाजूने बाहेर पडतं.

‘कोरलाईन’ 2009 चा, हेन्री सेलिक यांनी दिग्दर्शित केलेला. बाहुल्या कणाकणाने हलवून एकेक चौकट टिपलेली आहे. नव्या घरात आलेल्या मुलीकडे बघायला आईबापांना वेळ नाही. तिला एक छोटं दार सापडतं आणि त्यापलीकडे तसंच घर, तशीच आई, फक्त डोळ्यांच्या जागी काळी बटणं. ही दुसरी आई आवडीचं जेवण करते, लाड करते, कशाला नाही म्हणत नाही. मग एके रात्री ती टेबलावरून एक छोटी पेटी पुढे सरकवते. आत दोन बटणं, सुई आणि दोरा. इथे कायमचं राहायचं असेल तर डोळे द्यायचे.

एदेन बागेत सर्प हव्वेला म्हणाला होता की फळ खाल्लंस तर डोळे उघडतील. इथेही मोह आधी ताट वाढतो, हिशोब नंतर मांडतो, आणि मागतो ते डोळेच. याआधी फसलेली तीन मुलं भुतं होऊन तिथे कोंडलेली भेटतात. प्रेम करते म्हणाली आणि आमचं आयुष्य खाऊन टाकलं, असं ती सांगतात. आणखी एक प्रसंग नीट बघा. कोरलाईन बागेपलीकडे चालत जाते तर पुढे जग संपतं, नुसता पांढरा शुकशुकाट, आणि फिरून पुन्हा तेच घर. मुलीला भुलवायला लागेल तेवढंच त्या बाईने रचलंय. सैतान प्रकाशाच्या दूताचं सोंग घेतो हे प्रेषित पौलाचं वाक्य मुलांना समजावताना मला इतकं चपखल चित्र क्वचितच मिळतं. शेवटी कोरलाईन आपल्या कंटाळवाण्या, खऱ्या आईबापांना सोडवायला जीव मुठीत धरून त्याच दारातून परत जाते. हे मला मोलाचं वाटतं.

पण सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, ते कुठे तेही सांगते. खालच्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या नट्या चहाच्या पत्तीवरून भविष्य बघतात आणि त्यांनी सांगितलेलं संकट खरं ठरतं. भोकाचा एक खडा देतात, त्यातून बघितल्यावर हरवलेल्या वस्तू दिसतात. सिनेमा याला वाईट म्हणत नाही, उलट त्यानेच मुलगी वाचते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, शकुन पाहण्याला स्पष्ट मनाई आहे, आणि आपल्याकडे हात दाखवणं, काळा दोरा, नजर उतरवणं शेजारीपाजारी रोज दिसतं. ही गोष्ट बोलल्याशिवाय सोडू नका. त्याच नट्यांचा रंगमंचावरचा तोकड्या कपड्यांतला एक प्रसंगही आहे, तो पुढे ढकललात तरी काही बिघडत नाही. आणि संपूर्ण सिनेमात कोणी देवाला हाक मारत नाही. सगळं मुलीच्या हुशारीवर आणि एका काळ्या मांजरावर.

सिनेमाच्या वयोगटाच्या प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नका. डिस्नेच्या 1996 च्या ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ला अमेरिकेत सर्वांसाठी खुलं असं प्रमाणपत्र मिळालं. त्यात फ्रोलो नावाचा न्यायाधीश चर्चच्या पायऱ्यांवर एका आईचा जीव घेतो, तिचं बाळ विहिरीत टाकायला निघतो आणि एक धर्मगुरू त्याला अडवतो. पुढे तोच फ्रोलो वासना आणि पाप यांवर अख्खं गाणं म्हणतो. लहानांसाठी हे फार जड. पण तेरा-चौदाच्या मुलांना मी तो आवर्जून बघायला सांगते, कारण त्यात ढोंगी धार्मिकता उघडी पडते आणि नायिका एस्मेराल्डाची प्रार्थना खरी वाटते.

उलट 2017 चा ‘कोको’ घ्या. झेंडूच्या पाकळ्यांचा पूल, गाणी, रंग. कोणी हरकत घेत नाही. पण त्यात मेलेला माणूस तोवरच टिकतो जोवर जिवंतांपैकी कोणीतरी त्याची आठवण ठेवतं. आपला विश्वास असा की मृतांना धरून ठेवणारा प्रभू आहे, आपल्या घरातला फोटो नव्हे. भोवती पितृपक्ष बघणाऱ्या आपल्या मुलांशी ‘कोरलाईन’पेक्षा ‘कोको’नंतर जास्त बोलावं लागतं, असा माझा अनुभव.

सासूबाईंना अंधश्रद्धाळू म्हणू नका. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल करिंथकरांना लिहिताना पौल दुसऱ्याच्या विवेकाला जपायला सांगतो. सासूबाई घरात असताना सिनेमा लावू नका. मात्र त्यांच्यापासून लपवायचंही नाही, काय दाखवणार आणि का ते आधी सांगा. कदाचित त्याच पहिल्यांदा विचारतील की पुढे काय झालं.

बघताना बटणांच्या पेटीपाशी थांबवा आणि मुलीला विचारा, तू काय केलं असतंस? ही बाई एवढे लाड का करत होती? पत्तीच्या प्रसंगाला तुमचं मत स्पष्ट सांगा. रात्री आईचा चेहरा बदलण्याची भीती काही मुलांना सतावते, तेव्हा दोन-तीन दिवस झोपताना जवळ बसा, प्रार्थना करा. मध्येच ती घाबरली तर तिथेच बंद करा. उरलेला पुढच्या वर्षी बघता येईल.