उपटलेले धागे, तरंगणारी शाई

प्रश्न : तैवानचे चित्रकार ल्यू गुओसोंग यांच्या डोंगरांवर पांढऱ्या रेघांचं जाळं दिसतं. मास्किंग फ्लुइड (कागदाची जागा कोरी राखायला लावायचं रबरी द्रव) शुआन या चिनी शाईचित्रांच्या कागदावर लावून तसं करायला गेलो, तर कागदच सोलून निघाला. काय चुकलं?

उत्तर : त्या रेघा काढलेल्या नाहीत, उपटलेल्या आहेत. 1960च्या दशकात ल्यूंनी पृष्ठभागावर जाड धागे असलेला खरबरीत कागद खास बनवून घेतला. धागे असलेल्या बाजूवर दांडग्या ब्रशने शाई मारायची, वाळली की धागे ओढून काढायचे. धाग्याखालचा कागद कोरा राहतो, तीच पांढरी रेघ. मागच्या बाजूनेही शाई दिली की ती झिरपून पुढे येते आणि डोंगराला खोली येते.

तुमचा कागद सोलला, कारण कच्च्या शुआन कागदाला सरस लावलेला नसतो. मास्किंग फ्लुइडमधलं रबर त्याच्या तंतूंमध्ये शिरून बसतं. जलरंगाच्या कागदावर ते चालतं, इथे नाही.

तसा कागद नसेल तर दोऱ्यावर भागवता येतं. दुपदरी शुआन घ्या. जाड सुती दोऱ्याचे 5 ते 10 सेंमीचे तुकडे उसवून घ्या, म्हणजे रेघ एकसारखी येत नाही. 1 चमचा मैदा 10 चमचे पाण्यात शिजवून खळ करा, गाळून आणखी पातळ करा. दोरे त्यात बुडवून निथळा, कागदावर दाबा आणि पूर्ण वाळू द्या. शाई मारताना ब्रश जुन्या फडक्यावर टिपून घ्या. ओल्या ब्रशची शाई दोऱ्याखाली शिरते आणि पांढऱ्याऐवजी राखाडी रेघ मिळते. शाई वाळल्यावर दोरा वर उचलू नका, कागदाला लागून आडवा ओढा. थोडी साल निघाली तर निघू द्या; खडकाला ती शोभते.

प्रश्न : पाण्यावर शाई सोडून कागदावर नक्षी उचलायची, तर शाई तळाला बसते.

उत्तर : बहुधा थेंब उंचावरून पडतोय. ब्रशचं टोक पाण्याला नुसतं टेकवा. ट्रेमध्ये 3-4 सेंमी पाणी पुरे. आधी वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून ओढून धूळ आणि तेलकटपणा काढा, नाहीतर शाई पसरतच नाही. 100 मिली पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून दुसरा ब्रश त्यात बुडवा. एकदा शाई, एकदा हे पाणी, असं टेकवत गेलात की वलयं उमटतात. लाख घातलेली वॉटरप्रूफ शाई मात्र नको.

कागद समोरासमोरचे दोन कोपरे धरून टेकवा, मधला भाग आधी, म्हणजे हवा कडेने निघून जाते. अडकलेल्या बुडबुड्याचा पांढरा डाग देवीच्या व्रणासारखा राहतो. ओला शुआन स्वतःच्या वजनाने फाटतो, म्हणून खाली काठी घालून उचला.

कागद वाळला की चारही बाजूंनी फिरवून पाहा. डोंगर कुठून सुरू होतो ते ठरवा, तिथेच ब्रशने कडा बांधा आणि धुक्याची जागा कोरी सोडा. हे न करता फ्रेम केलेली चित्रं मार्बल पेपरच राहतात.

प्रश्न : चिनी चित्रकार चांग दाच्येन अजिंठ्याला आले होते म्हणतात. त्यांच्या ओतीव निळ्या-हिरव्या रंगांमागे अजिंठा आहे का?

उत्तर : आले होते, 1950मध्ये. त्याआधी 1940च्या दशकात त्यांनी चीनमधल्या दुनह्वांगच्या बौद्ध गुहांतली भित्तिचित्रं उतरवून घेतली होती, आणि तुलनेसाठी त्यांना अजिंठा पाहायचा होता. पण रंग ओतणं त्यावरून जोडणं ओढूनताणून होईल. ती पद्धत दृष्टी अधू झाल्यानंतरची, 1960च्या दशकात बहरलेली.

करून पाहायची असेल तर सरस-तुरटी लावलेला कागद घ्या. कच्च्या शुआनमध्ये रंग झिरपून मरतो. आधी शाई ओता. तिची चकाकी गेली, पण हाताला ओल लागते, तेव्हा सरसात कालवलेला निळा ओतून कागद तिरपा करा. घाई केली तर निळ्याचा चिखल होतो, उशीर झाला तर त्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते.