कंडोम दोनदा फाटला. दोन पुरुषांच्या संबंधात त्याच्यावर भरवसा ठेवावा का?

ठेवावा. पण आधी घाईचं सांगतो. दुसऱ्यांदा फाटला तो गेल्या तीन दिवसांत असेल आणि जोडीदाराचा एचआयव्ही रिपोर्ट माहीत नसेल, तर आजच डॉक्टरांकडे जाऊन ‘पेप’ मागा, म्हणजे संबंधांनंतर एचआयव्हीची लागण रोखण्यासाठी घ्यायची औषधं. ही औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यायची असतात. बाकीचं नंतर वाचा.

आता मला सांगा, ल्यूब म्हणून, म्हणजे घर्षण कमी करायला, काय लावलं होतं? मी स्वतः गे आहे. विशीत माझाही कंडोम असाच फाटला होता आणि मी दोष दिला कंडोमला. लावलं होतं खोबरेल तेल. बहुतेक कंडोम लॅटेक्सचे असतात आणि तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. व्हॅसलीन, बेबी ऑइल, बॉडी लोशन यांचंही तेच. थुंकी लगेच वाळते. गुदमार्गाला योनीसारखा स्वतःचा ओलावा नसतो, त्यामुळे कोरडेपणी सगळा ताण कंडोमवर येतो आणि आतल्या नाजूक त्वचेलाही इजा होते. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्यूब भरपूर घ्या, मध्ये थांबून पुन्हा लावा. हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही, म्हणून इतकं लांबण लावतोय.

२०२२ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, पहिल्यांदा खास गुदसंभोगासाठीही एका कंडोमला मान्यता दिली. त्याच्या चाचणीत गुदसंभोगात फाटण्याचं किंवा निसटण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं. म्हणजे नीट वापरला तर तो टिकतो.

नीट म्हणजे मापाचा. घट्ट असेल तर फाटतो, सैल असेल तर निसटतो. टोकाशी हवा अडकू देऊ नका, एकावर एक दोन घालू नका, महिनोन्महिने पाकिटात दाबून ठेवलेला वापरू नका. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो अंगावर हवा. ‘थोडा वेळ तसंच, मग घालू’ हे मी खूप जणांकडून ऐकलंय, विशेषतः दारू प्यायल्यावर. तिथे कंडोम फसत नाही, आपण फसतो.

तरीही सगळा भार एकट्या कंडोमवर टाकू नका. संबंधांच्या आधीपासून रोज नेमाने घेतलेली ‘प्रेप’ची गोळी लैंगिक संबंधांतून होणारी एचआयव्हीची लागण जवळजवळ पूर्ण रोखते. जोडीदार पॉझिटिव्ह असला, पण उपचारांमुळे त्याच्या रक्तात विषाणू सापडत नसेल, तर संबंधांतून त्याच्याकडून एचआयव्ही होत नाही. शेकडो गे जोडप्यांवरच्या अभ्यासात अशी एकही लागण आढळली नाही. सिफिलिस आणि एचपीव्ही हे लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग मात्र कंडोमने न झाकलेल्या त्वचेतूनही पसरतात आणि प्रेपचा त्यांच्यावर काही उपयोग नाही. त्यामुळे दोघं मिळून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना हेपॅटायटिस बी व एचपीव्हीच्या लसीबद्दलही विचारा. गुदसंभोग करता हे त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते फक्त रक्त आणि लघवी तपासतील आणि गुदमार्गातला गनोरियाचा संसर्ग तसाच राहून जाईल.