रुग्णामागे उभ्या असलेल्या व्यक्तीकडेही पाहा
नव्याने दवाखाना सुरू करणाऱ्या डॉक्टरांनी एक सवय लावून घ्यावी: पक्षाघात झालेल्या आजोबांचा रक्तदाब मोजून झाल्यावर, औषधांची पिशवी सांभाळत मागे उभ्या असलेल्या सुनेला ‘रात्री किती वेळा उठावे लागते?’ असे विचारावे. ‘तुम्ही काळजीवाहक आहात का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सहसा कोणी ‘हो’ म्हणत नाही, कारण ते घरचेच काम मानले जाते. मग तिच्या नावाने वेगळा केसपेपर काढून झोपेची, वजनाची नोंद ठेवावी. कंबरदुखीवर गोळी देऊन मोकळे होण्याऐवजी रुग्णाला कुशीवर कसे वळवावे हे फिजिओथेरपिस्टकडून तिला शिकवावे, आणि मन खचलेले वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक लिहून द्यावा. आठवड्यातल्या दोन रात्री आजोबांच्या मुलाने जागाव्यात, हे मात्र त्याला समोर बसवूनच सांगावे लागते.