दहा-पंधरा वर्षांनी आलेला अ‍ॅनिमेशनपटाचा दुसरा भाग चालतो का?

चालतो, आणि बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जोरात! 'द इन्क्रेडिबल्स' २००४ चा, दुसरा भाग थेट २०१८ मध्ये आला आणि जगभरात १२० कोटी डॉलर्सच्या वर गेला. 'फाइंडिंग नीमो'चा दुसरा भाग 'फाइंडिंग डोरी' १३ वर्षांनी येऊनही १०० कोटींपलीकडे पोहोचला.

कारण सरळ आहे. पहिला भाग लहानपणी पाहिलेली पोरं आता स्वतः तिकीट काढतात, काहीजण तर आपल्या मुलांना घेऊन जातात. मधल्या काळात घरोघरी तो सिनेमा पन्नासदा लागलेला असतो, त्यामुळे नव्या पिढीलाही पात्रं पाठ असतात.

पण नुसत्या आठवणींवर गल्ला भरत नाही. 'इनसाइड आउट'मध्ये रायली या मुलीच्या डोक्यातल्या भावनाच पात्रं असतात; 'इनसाइड आउट २' मध्ये ती १३ वर्षांची होते आणि तिच्या डोक्यात केशरी रंगाची, सतत धास्तावलेली चिंता ही नवी भावना येऊन कंट्रोल पॅनेलच ताब्यात घेते. ते पाहून मला अक्षरशः भरून आलं. गोष्ट प्रेक्षकांसोबत मोठी झाली, म्हणून तर कमाई १६० कोटींच्या पुढे गेली. उलट 'लाइटइयर'मध्ये बझ होता, पण 'टॉय स्टोरी'तला आपला ओळखीचा खेळण्यातला बझ नव्हता. तो साधारण २२ कोटींवरच अडकला.

म्हणून मी आधी ट्रेलरमध्ये बघते, जुनी पात्रं आहेत का आणि त्यांच्यापुढे खरंच नवा पेच आहे का.