उत्तर: पब उघडा होता, मग जेवायला का नाही दिलं?

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सकाळची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या. तर आई-बाबा पुण्याहून आलेत, रविवारी इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातलं बोर्टन-ऑन-द-वॉटर हे गाव बघितलं, तिथली गर्दी नको म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या तीन पबमध्ये पावणेतीननंतर जेवायला गेलात, तिन्हीकडे "किचन बंद झालं" म्हणून परत पाठवलं आणि तिसऱ्या ठिकाणी तर आत लोक चक्क जेवत होते. मग गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "आपल्याला बघून सांगितलं का रे?" हे वाक्य मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे आधी त्याचंच उत्तर देते.

माझ्या मते नाही. वंशभेद नसतोच असं मी म्हणणार नाही, चौदा वर्षं डर्बीत राहतेय, एक-दोनदा आत पाऊल टाकल्यावर सगळा बार गप्प झालेला अनुभवलाय. पण खेड्यातल्या पबमध्ये "किचन बंद" म्हणजे खरंच किचन बंद असतं. आत जे जेवत होते त्यांची ऑर्डर अडीचच्या आत गेलेली होती. ही किचनं लहान असतात, एक शेफ आणि हाताखाली एखादं पोरगं, दुपारी बारा ते दोन-अडीच, मग थेट संध्याकाळी सहा ते नऊ, आणि सोमवार-मंगळवार पुष्कळ ठिकाणी जेवणाला पूर्ण सुट्टी. रविवारी वेळ थोडी लांबते, कुठे तीन कुठे चार, पण रविवारचं रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं पारंपरिक जेवण, सकाळीच मोजून ओव्हनमध्ये गेलेलं असतं, ते संपलं की संपलं, घड्याळात काहीही वाजलेले असोत. पहिल्या महायुद्धात कामगारांनी दुपारी पिऊ नये म्हणून पब दुपारी बंद ठेवायचे निर्बंध आले, ती दुपारची बंदी इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली, रविवारची तर १९९५ पर्यंत. आता बार दिवसभर उघडा असतो, पण मला वाटतं खेड्यातली किचनं अजून त्याच जुन्या वळणावर चालतात. आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखं कधीही या आणि बसा असं ते नाहीच.

आता आमचं काय झालं ते सांगते, कारण तुम्ही बाबांना शुगर आहे असं ओझरतं लिहिलंय आणि मला तिथेच भीती वाटली.

३१ मार्च २०१९, रविवार. आई-बाबा सांगलीहून येऊन दहा दिवस झालेले. डर्बीजवळच्या डव्हडेल या दरीत जायचं ठरवलं, तिथे नदीत ओळीने मोठे दगड ठेवलेत त्यावरून चालत पलीकडे जाता येतं, बाबांना ते फार बघायचं होतं. त्या दिवशी इथली घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे आंघोळ-पूजा उरकून निघेपर्यंतच उशीर. आणि त्याच दिवशी इथला मदर्स डे होता. आपल्याकडे मदर्स डे मेमध्ये असतो, इथला ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी, तारीख दरवर्षी बदलते, आणि त्या दिवशी सगळा देश आईला घेऊन जेवायला बाहेर पडतो. इतकी वर्षं इथे राहून मला हे लक्षात आलं नव्हतं, कारण त्याआधी मी कधी आईला घेऊन इथे बाहेर जेवायला गेलेच नव्हते.

मी निष्काळजीपणा केला नव्हता हो, आदल्या दिवशी फोन केला होता. पण वेबसाइटवर जो नंबर होता तो पबचा नव्हता, तो पब ज्या कंपनीचा आहे तिच्या बुकिंग ऑफिसचा होता. तिथल्या माणसाला मी तीन गोष्टी स्पष्ट विचारल्या. अडीचला चौघांना जागा मिळेल का, व्हेजिटेरियन मिळेल का, आणि वडिलांना इन्सुलिन असतं त्यामुळे जेवण वेळेवर मिळेल ना. उत्तर मिळालं की त्या पबमध्ये दिवसभर जेवण असतं, बुकिंगची गरज नाही, सरळ जा. त्या माणसाने तो पब कधी पाहिलाही नसावा, समोरच्या स्क्रीनवर दुपारी बारा ते रात्री अकरा दिसत होतं तेच त्याने मला वाचून दाखवलं, आणि ती वेळ बारची होती.

बाबांना तेव्हा जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं इन्सुलिन होतं. आम्ही पार्किंगमध्ये पोचलो आणि मी म्हणाले, बाबा, पोचलो, घ्या आता, ऑर्डर देईपर्यंत अर्धा तास होईलच. माझी चूक ती. ऑर्डर जायच्या आधी, ताट समोर यायच्या आधी, नुसती पबची पाटी दिसली म्हणून मी त्यांना इंजेक्शन घ्यायला सांगितलं. आत गेलो तर प्रत्येक टेबलावर रिझर्व्हडची चिठ्ठी, प्रत्येक आईसमोर फुलांचा गुच्छ, आणि बारवरची मुलगी म्हणाली की किचन अडीचला बंद झालं. दोन चाळीस झालेले. दुसरा पब चार मैलांवर, वळणावळणाचा एका गाडीपुरता रस्ता, मोबाइलला रेंज नाही, तिथल्या बारवरच्या बाईनेही तेच सांगितलं. बाहेर आलो तेव्हा बाबा हे तुमच्या बाबांचं वाक्य बोलले. आमच्या मागोमाग चालायचे बूट घातलेलं एक गोरं जोडपं कुत्र्याला घेऊन आत गेलं आणि दोन मिनिटांत तेही परत बाहेर आलं, तेव्हा मी बाबांना ते दाखवलं, पण बघते तर त्यांचं लक्षच नव्हतं. कपाळावर घाम, हात थरथरतायत, आणि मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारतायत.

आईच्या पर्समध्ये अंबाबाईच्या प्रसादाची खडीसाखर होती, ती तिने आधी बाबांच्या तोंडात घातली. नवरा धावत आत गेला आणि फक्त "डायबेटिक" एवढंच म्हणाला, तर तीच बारवरची बाई मोठा ग्लासभर ऑरेंज ज्यूस घेऊन स्वतः पार्किंगमध्ये पळत आली, मागून ब्रेड-बटर आणलं, बाबा ओळखीचं बोलायला लागेपर्यंत थंडीत नुसत्या शर्टवर उभी राहिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणून मी म्हणते की "आपल्याला बघून" असं पटकन धरू नका. किचन बंद सांगणारी तीच आणि धावत येणारीही तीच.

त्या ऑफिसला मी सविस्तर पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की किचनच्या वेळा प्रत्येक पब आपापल्या ठरवतो, गैरसोयीबद्दल खेद आहे, सोबत वीस पौंडांचं व्हाउचर. रविवारी न चालणारं. मी पैसे मागितलेच नव्हते, मी लिहिलं होतं की तुमच्या माणसांच्या स्क्रीनवर बारची वेळ आणि जेवणाची वेळ वेगळी दाखवा, म्हणजे पुढच्या कुणाच्या वडिलांवर ही पाळी येणार नाही. त्याबद्दल पत्रात एक शब्द नाही. आजही राग येतो. बाबा त्यानंतर उरलेले दोन महिने कुठेही बाहेर जेवायला आले नाहीत, फिरायला गेलो तरी दोनच्या आत घरी चला म्हणायचे.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आमच्या सांगलीच्या डॉक्टरांनी नंतर बाबांना ताट समोर आल्यावर घ्यायचं इन्सुलिन बदलून दिलं, तुमच्या बाबांना तसं चालेल का एवढं नक्की विचारा. आणि एक, शुगर उतरली तर दिसेल ते कोल्ड्रिंक देऊन चालत नाही. २०१८ मध्ये साखरेच्या पेयांवर लेव्ही, म्हणजे कर, आली तेव्हापासून इथल्या पुष्कळ पेयांमधली साखर कमी केलीय, बारच्या नळातून येणारं तर कुठलं आहे कळतही नाही. ऑरेंज ज्यूस मागा, नाहीतर ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेवा, कुठल्याही केमिस्टकडे मिळतात. लेमनेड मागून लिंबू सरबत येत नाही, फसफसणारं कोल्ड्रिंक येतं हेही आई-बाबांना आधी सांगून ठेवा.

तर फोन करायचा तो त्या पबलाच, जिथे उचलणाऱ्याच्या मागे ग्लासांचा आवाज येतो तिथे. आणि "किती वाजेपर्यंत उघडे आहात" असं विचारायचंच नाही. "लास्ट फूड ऑर्डर्स" किती वाजता, हे शब्द वापरायचे, आज किचन चालू आहे ना हेही, आणि रविवार असेल तर रोस्टशिवाय दुसरं काही असेल का. वेळ अडीच सांगितली तर मी दीडला पोचते. शक्य असेल तर रविवार सोडाच असं माझं स्पष्ट मत आहे, इथल्या काही लोकांना पटणार नाही, रविवारचं रोस्ट म्हणजे जीव की प्राण असतो त्यांचा, पण व्हेजिटेरियन म्हाताऱ्या माणसांना बुधवार-गुरुवारी सव्वाबाराला न्या, खिडकीतलं टेबल मिळतं आणि बारवरच्या माणसाला तुमच्याशी बोलायला सवड असते.

तुमच्या आई अंडंही खात नाहीत म्हणालात, तर मेन्यूवरच्या नुसत्या व्ही (व्हेजिटेरियन) या खुणेवर जाऊ नका. व्ही मध्ये अंडं चालतं, व्हेजी बर्गर बांधायला अंडं असतं, क्वॉर्नच्या (बुरशीपासून केलेल्या, मांसासारख्या) बऱ्याच पदार्थांत अंड्याचा पांढरा भाग असतो. व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं, असं लिहिलेलं असेल तर अंडं नाही. चिप्स ज्या तेलात तळतात त्यातच मासे तळतात का हे विचारा, उत्तरेकडे काही ठिकाणी बीफच्या चरबीतही तळतात. रोस्टमधले बटाटे चरबीत भाजलेले असू शकतात, यॉर्कशर पुडिंगमध्ये तर अंडं असतंच, ग्रेव्ही मांसाच्या रसाची. सूप भाज्यांचं दिसलं तरी चिकन स्टॉकचं असू शकतं. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात आणि तो चीज-टोस्टवर सर्रास घालतात, हे मला सहा वर्षांनी कळलं. पार्मेझान चीजमध्ये कायम वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचं द्रव्य) असतं. अंडं हे अधिकृत चौदा ॲलर्जनपैकी (ॲलर्जी करणाऱ्या घटकांपैकी) एक आहे, त्यामुळे कुठल्या पदार्थात अंडं आहे हे सांगणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, ॲलर्जन शीट मागायला अजिबात संकोच करू नका. चरबीचं आणि स्टॉकचं मात्र त्या यादीत नसतं, ते तोंडीच विचारावं लागतं. सगळं अवघड वाटलं तर जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), बीन्स आणि चीज. आणि किचन नुकतंच बंद झालं असेल तर "प्लाउमन्स मिळेल का" असं विचारून बघा, ब्रेड, चीज, गोडसर पिकल, सगळं थंडच असतं, शेफ गेलेला असला तरी कधीकधी देतात. कधीकधीच हं, यावर विसंबून निघू नका. हॅम नको असंही सांगा.

पैसे आधी बारवर, टेबल नंबर सांगून, हे तुम्हाला माहीत असेल. साधं पाणी मागितलं की फुकट द्यायचा नियम आहे, आई-बाबांना "काहीच दारू घेतली नाही, उठवतील का" ही धाकधूक असते ती त्यामुळे जाते. माझी आई पब म्हटल्यावर गुत्ता समजून दारातच थबकली होती. आत शेकोटीपाशी एक आजी वीणकाम करत बसलेल्या आणि पायाशी कुत्रं, ते बघितल्यावर ती आत आली.

हे सगळं डर्बीशर, स्टॅफर्डशर आणि थोडं यॉर्कशर एवढ्याच अनुभवावर लिहितेय. कॉट्सवोल्ड्समध्ये आता पुष्कळ पब रेस्टॉरंटसारखे झालेत, तिथे दारात थांबून बसवण्याची वाट बघावी लागते आणि भावही तसेच. उत्तरेकडे यायचं झालं तर एक गोष्ट, इकडे पुष्कळ लोक दुपारच्या जेवणाला डिनर आणि संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात, "टी पाचपासून" असं ऐकलं तर तो चहा नाही. ड्रायव्हिंग नको असेल तर डर्बीशरमधल्या एडेल गावाला या, शेफील्ड किंवा मँचेस्टरहून ट्रेन थेट डोंगरात उतरवते, १९६५ मध्ये सुरू झालेली पेनाइन वे ही पायवाट तिथल्या ओल्ड नॅग्ज हेड पबपासूनच सुरू होते, स्टेशनपासून आई-बाबांना चालत जाण्यासारखं आहे. तिथेही आधी फोन करूनच.

आणि तुम्ही शेवटी लिहिलंय की बाबा आता पबचं नाव काढू देत नाहीत. आमचे बाबा २०२३ ला परत आले, तेव्हा गुरुवारी साडेबाराला हार्टिंग्टनजवळ नेलं, मी आधी बारवर जाऊन ऑर्डर देऊन आले, ते गाडीतच बसून राहिले. चीज-अनियन पाय टेबलावर आल्याचं आईने खिडकीतून हात करून सांगितलं तेव्हा उतरले. तसं करा हवं तर, पहिल्या वेळी त्यांना आग्रह करू नका. गाव आणि दिवस ठरला की इथेच लिहा, आमच्या भागातलं असेल तर त्या पबला मी स्वतः फोन करून वेळ आणि अंड्याचं विचारून देते.