फिल्टर स्वच्छ, तरी नळीत धूळ

प्रश्न : मी नागपूरला राहतो आणि माझे शेत उमरेड तालुक्यात आहे. माझ्याकडे २.५ लिटर क्षमतेच्या टर्बो डिझेल इंजिनाची फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. आठवड्यातून दोनदा पांदण रस्त्याने शेतावर जाणे होते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मित्रांच्या गाड्यांसोबत रामटेक-मनसरकडच्या कच्च्या वाटांवर जातो. एअर फिल्टर दर रविवारी गॅरेजमध्ये कंप्रेसरच्या हवेने साफ करून घेतो. तरीही परवा फिल्टरकडून टर्बोकडे (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याकडे) जाणारी रबरी नळी काढून आतून बोट फिरवले, तेव्हा बोटाला तांबूस धूळ लागली. तेल लावायचा कापडी फिल्टर बसवावा असे मिस्त्रींचे म्हणणे आहे, तर स्नॉर्केल, म्हणजे छताच्या उंचीवरून हवा घेणारी उभी नळी, लावावा असे मित्रांचे. मी काय करावे?

उत्तर : आपण नळीत बोट फिरवून पाहिले, हे फार चांगले केले. फिल्टर वरून कितीही पांढरा दिसला तरी त्याच्या पलीकडची नळी जे सांगते तेच खरे मानावे. फिल्टरच्या पुढे धूळ पोहोचण्याचे दोनच मार्ग आहेत : एक कागदातून आणि दुसरा कागदाला वळसा घालून. कागदी फिल्टर चांगल्या प्रतीचा आणि न फाटलेला असेल, तर बोटाला लागावी एवढी धूळ त्यातून जात नाही. म्हणून आपल्या जीपमध्ये एक तर कागद फाटला आहे किंवा हवेला फिल्टर चुकवून जाणारी फट सापडली आहे, आणि माझ्या अनुभवात दुसरी शक्यता पुष्कळच अधिक असते.

या फटीचे महत्त्व आकड्यांवरून लक्षात येईल. आपले इंजिन दर दोन फेऱ्यांना २.५ लिटर हवा घेते, म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्यांवर टर्बोचा जोर न धरताही मिनिटाला सुमारे २,५०० लिटर आणि तासाला सुमारे १,५०,००० लिटर हवा आत जाते. एवढ्या ओढीखाली पोस्टकार्डाच्या जाडीची फटसुद्धा हवेला सोपी वाट वाटते, आणि फिल्टर जसजसा भरत जातो तसतशी ओढ वाढून त्या फटीतून जाणारी हवाही वाढते.

दर रविवारची सफाई मात्र आपण आजच थांबवावी, असे मी आग्रहाने सांगेन. कंप्रेसरच्या जोरदार झोताने कागदाच्या घड्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, आणि फिल्टरचा डबा उघडताना काठावरची धूळ नेमकी स्वच्छ बाजूला सांडते. शिवाय कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करतो. कोरा फिल्टर थोड्या वापरलेल्या फिल्टरपेक्षा अधिक धूळ सोडतो. म्हणजे आपण दर आठवड्याला फिल्टरला पुन्हा त्याच्या सर्वांत दुबळ्या अवस्थेत नेऊन ठेवत आहात. फिल्टर किती तुंबला हे दाखवणारा छोटा दर्शक डब्याजवळच्या नळीवर बसवता येतो. त्याची खूण लाल झाली की फिल्टर बदलावा.

आता फट शोधण्याविषयी. नळी आणि डब्याची स्वच्छ बाजू पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, मात्र हवा मोजणारा सेन्सर असल्यास त्याला हात लावू नये. नंतर फिल्टरची रबरी कड जिथे टेकते, तिच्या आतल्या अंगाला ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. कागदाला ग्रीस लागता कामा नये. पंधरा दिवस नेहमीसारखी गाडी चालवून डबा उघडला, की ग्रीसवर धुळीची रेघ जिथे उमटली असेल तिथेच गळती आहे. अशी रेघ बहुधा तुटलेल्या क्लिपच्या बाजूला सापडते, कारण नागपूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली प्लास्टिकचा डबा वाकतो आणि एक क्लिप गेली की झाकण त्या बाजूला उचलले जाते. ग्रीस स्वच्छ राहिले, तर संशय पुढच्या नळीवर घ्यावा. तिच्या वळ्यांमधल्या चिरा नळी सरळ असताना दिसत नाहीत, म्हणून ती काढून हाताने वाकवून पाहावी. इंजिनाच्या श्वासाची बारीक नळी जिथे या नळीला जोडलेली असते, तो सांधाही तपासावा. टर्बोनंतरच्या नळ्यांत हवा दाबाखाली असते. तिथली गळती ताकद कमी करते, पण गाडी जोरात असताना धूळ आत ओढत नाही.

कापडी फिल्टर मी आपल्या वापरासाठी सुचवणार नाही. त्याला तेल कमी पडले तर बारीक धूळ जाते आणि जास्त झाले तर ते सेन्सरवर बसते. स्नॉर्केल उपयोगी आहे, कारण छताच्या उंचीवर चाकांजवळच्यापेक्षा धूळ कमी असते. पण तो फिल्टरच्या अलीकडे बसतो, म्हणून पलीकडची गळती तो बंद करू शकत नाही. लावलाच, तर रांगेत जाताना त्याचे तोंड मागे वळवावे, आणि पुढच्या गाडीचा फुफाटा खाली बसेपर्यंत अंतर सोडावे. अंतर सोडण्याला काहीच खर्च येत नाही आणि त्याने होणारे काम कोणत्याही जोडसाहित्यापेक्षा मोठे आहे.

आपल्या वाटांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे आणि त्यात सुटे क्वार्ट्झ जवळजवळ नसते; मनसर-रामटेककडचे जुने रूपांतरित खडक आणि उमरेडच्या कोळशासोबतचे वालुकाश्म मात्र क्वार्ट्झने भरलेले आहेत. हे खनिज सायलिंडरच्या लोखंडापेक्षा कितीतरी कठीण असल्याने पिस्टनच्या रिंग आणि सायलिंडर घासून काढते. आपण नेमके त्याच बाजूला फिरता, म्हणून गळती बंद केल्यावर इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदलावेत. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांची कड बोथट झाली आहे का ते टॉर्चने पाहावे. ऑइल कमी होऊ लागले असेल किंवा भरण्याचे झाकण उघडल्यावर धूर जोराने येत असेल, ज्याला मिस्त्री बॅक कंप्रेशन म्हणतात, तर कंप्रेशन तपासून घ्यावे.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर आहे. त्यात तेल थोडे जास्त भरले तर धूळ जास्त अडेल काय?

उत्तर : नाही, उलट जास्तीचे तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि डिझेल इंजिन त्यावर आपोआप वेग घेऊ शकते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून खुणेपर्यंतच तेल भरावे. मळणीच्या दिवसांत वाटी रोज काढून पाहावी, आणि तळाशी घट्ट गाळ बसला असेल तर नुसते वरून तेल न टाकता वाटी डिझेलने धुऊन, कोरडी करून पूर्ण नवे तेल घालावे. वरच्या जाळीच्या टोपीत भुसा अडकतो, तोही त्याच वेळी काढावा.