मूळनिवासींचा सिनेमा बघायचाय, सुरुवात कुठून करू?

मस्त विषय घेतलायस! पण लांबलचक याद्या बनवत बसू नकोस, एकच देश धर. मी म्हणेन न्यूझीलंड, तिथले मूळनिवासी म्हणजे माओरी. बॅरी बार्कले या माओरी दिग्दर्शकाचा 'न्गाती' (१९८७) आधी बघ, आणि दोनदा बघ, कारण पहिल्यांदा आपण नुसते गोष्टीच्या मागे धावतो. ऑस्ट्रेलियातून एक तरुण डॉक्टर गावात येतो, आणि या गावाशी आपलं रक्ताचं नातं आहे हे त्याला नंतर कळतं. दुसऱ्यांदा बघताना लोक त्याला कसं सामावून घेतात तेवढंच बघ, आपलेपणा म्हणजे काय ते तिथं दिसतं. मग मेराटा मिटा या माओरी दिग्दर्शिकेचा 'माउरी' (१९८८).

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- पडद्यावर माओरी दिसले की सिनेमा माओरींचाच, असं धरून चालणं. कॅमेऱ्यामागे कोण आहे ते आधी बघ.
- सगळे मूळनिवासी एकाच पोत्यात भरणं. कॅनडातल्या इनुइटांचा 'अतानारजुआत' (२००१) पूर्ण इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेत आहे, त्याचं जग पार वेगळं.
- डबिंग. प्लीज नको, सबटायटल लाव, भाषा गेली तर अर्धा सिनेमाच गेला ना.

मूळनिवासींनी स्वतः बनवलेल्या सिनेमाला बार्कलेंनी 'चौथा सिनेमा' म्हटलंय, पण ती थिअरी सध्या राहू दे. दोन्ही बघून झाले की सांग, मग पुढचं बोलू.